एका चौकटीत न मावणारे शहर

मनीषनगरातील एखाद्या उंच इमारतीच्या गच्चीवर उभे राहून पश्चिमेकडे पाहिले, की आधी रेल्वेमार्ग, त्यापलीकडे वर्धा मार्गावरील मेट्रोचा उन्नत मार्ग आणि त्याच्याही मागे सोनेगाव विमानतळाचा मोकळा पट्टा येतो. मान उत्तरेकडे वळवावी, तर अजनीपासून सीताबर्डीपर्यंत दाटत गेलेले शहर. डोळ्यांना हे सारे सहज जमते. कॅमेऱ्याला मात्र जमत नाही. रुंद कोनाचे भिंग लावले तर दृश्य मावते, पण दूरच्या इमारती मुंगीएवढ्या होतात. त्यावरचा उपाय म्हणजे शहर तुकड्या-तुकड्यांनी टिपणे आणि ते तुकडे नंतर जोडणे. यालाच पॅनोरमा म्हणतात.

हा शब्द छायाचित्रणाहून जुना आहे. रॉबर्ट बार्कर या चित्रकाराने १७८७ मध्ये अशा वर्तुळाकार चित्रांचे एकस्व घेतले आणि पुढे त्यांना हे नाव मिळाले. भारतात फेलिस बिआतो याने १८५८ मध्ये लखनऊची दृश्ये शेजारी-शेजारी ठेवता येतील अशा रीतीने टिपली. उठावानंतरच्या त्या उद्ध्वस्त शहराची आज ती मोलाची साक्ष ठरली आहे.

मनीषनगरात या प्रकाराला आणखी एक निमित्त आहे. विमानतळाच्या धावपट्टीभोवती साधारण ४ किलोमीटरच्या परिघात बांधकामांची उंची विमानतळाच्या पातळीपासून ४५ मीटरच्या आत असावी, असा सर्वसाधारण आंतरराष्ट्रीय निकष आहे. विमानतळालगतच्या वस्त्यांत त्यामुळे आकाशरेषा उंचीने नव्हे, लांबीने वाढते. अशी रेषा आडव्या पट्टीतच शोभते. ती ड्रोनने टिपण्याचा मोह मात्र आवरावा लागतो. २०२१ च्या ड्रोन नियमांनुसार विमानतळाच्या परिसरात परवानगीविना ड्रोन उडवता येत नाही. उरते ती गच्ची.

गच्चीवर पहिली अडचण कठड्याची. कॅमेरा ट्रायपॉडवर फिरवताना भिंगातील ज्या बिंदूतून दृश्य पाहिले जाते, तो बिंदू फिरण्याच्या अक्षावर नसेल, तर जवळची वस्तू दूरच्या वस्तूच्या तुलनेत सरकते. एक बोट डोळ्यांसमोर धरून आलटून पालटून एकेक डोळा मिटला, की ते जसे सरकते तसेच. याला पॅरॅलॅक्स म्हणतात. हिशेब करून पाहण्याजोगा आहे. हा बिंदू अक्षापासून १० सेंटिमीटर दूर असेल आणि कॅमेरा २० अंश फिरवला, तर तो सुमारे साडेतीन सेंटिमीटर सरकतो. ५० मिलिमीटरचे भिंग असलेल्या, २४ मेगापिक्सेलच्या पूर्ण चौकटीच्या कॅमेऱ्यात त्यामुळे २ मीटरवरचा कठडा सुमारे १४५ पिक्सेलने उडी मारतो. १ किलोमीटरवरची इमारत मात्र पिक्सेलच्या तिसऱ्या हिश्श्याएवढीही हलत नाही. म्हणजे कठडा, पाण्याची टाकी, वाळत घातलेले कपडे चौकटीबाहेर ठेवले, तर महागड्या पॅनोरमा हेडची गरजच उरत नाही. दुकानदार हे सहसा सांगत नाहीत.

कॅमेरा उभा धरावा. आडव्या पट्टीसाठी उभा कॅमेरा हे विचित्र वाटेल, पण वरचे आकाश आणि खालची झाडे त्यामुळेच मिळतात. प्रत्येक छायाचित्रात आधीच्या छायाचित्राचा ३० टक्के भाग यावा. वरील भिंगाने अर्धे वर्तुळ टिपण्यास अशी सुमारे १० छायाचित्रे लागतात आणि जोडलेले चित्र जवळपास २६ हजार पिक्सेल रुंद होते. प्रकाशमान, रंगसंतुलन आणि फोकस एकदा ठरवून कुलूपबंद करावेत; कॅमेऱ्यावर सोपवले तर मावळतीकडचे आकाश काळवंडते, उत्तरेकडचे पांढरे पडते आणि सांधे पट्ट्यांसारखे दिसू लागतात. पोलरायझर तर काढूनच ठेवावा. सूर्यापासून काटकोनात असलेले आकाश त्याने गडद होते, बाकीचे होत नाही.

वेळही महत्त्वाची. नागपूरच्या मे महिन्यात तापलेल्या छपरांवरील हवा थरथरते आणि दूरच्या इमारतींच्या कडा वितळल्यासारख्या होतात. २०१३ च्या मे महिन्यात ४७.९ अंश नोंदवलेल्या या शहरात दुपारची छायाचित्रे सुबक जुळण्याची अपेक्षा धरू नये. पावसाने हवा धुऊन काढल्यावरची उघडीप सर्वांत उत्तम.

जोडणीचे काम संगणक करतो. हेल्मुट डेर्श यांनी १९९८ मध्ये ‘पॅनोरमा टूल्स’ ही आज्ञावली दिली, तेव्हा दोन छायाचित्रांतील समान बिंदू माणसालाच दाखवून द्यावे लागत. पुढे कॅनडातील ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठातील मॅथ्यू ब्राउन आणि डेव्हिड लोव्ह यांनी २००३ मध्ये हे बिंदू संगणकाने स्वतः ओळखण्याची रीत मांडली. आज मोबाइलही ते क्षणार्धात करतो. तरीही निरभ्र आकाशात त्याला बिंदू सापडत नाहीत आणि एकसारख्या बाल्कन्यांच्या सदनिका-संकुलात तो कधी चौथी खिडकी पाचवीला जोडतो. ‘ह्युगिन’सारख्या मोफत आज्ञावलीत असा चुकलेला बिंदू हाताने काढून टाकता येतो.

खरा पेच पुढे आहे. वर्तुळाकार पाहिलेले दृश्य सपाट पट्टीवर उलगडले, की काही तरी वाकतेच. वर्धा मार्गावरील ३.१४ किलोमीटरचा दुमजली उड्डाणपूल २०२० मध्ये वाहतुकीस खुला झाला. असा लांब, सरळ पूल कॅमेऱ्याच्या पातळीपेक्षा वर किंवा खाली असेल, तर दंडगोलाकार उलगड्यात तो धनुष्यासारखा दिसतो. तो सरळच हवा असेल तर कडेच्या इमारती ओढल्यासारख्या रुंद होतात, आणि १२० अंशांपलीकडे तर ते पाहवत नाही. दोन्ही चित्रे खरी. पाहणाऱ्याला कोणते हवे, हे छायाचित्रकारानेच ठरवायचे.

दहा छायाचित्रे टिपायला मिनिटभर तरी जातो. तेवढ्यात मेट्रो पुढे सरकते. एका चौकटीत तिचा अर्धा डबा, दुसऱ्या चौकटीत पूर्ण गाडी! आज्ञावली अशा वेळी सांधा दुसरीकडून काढून गाडी पुसूनही टाकते. शोभेच्या चित्रात ते चालून जाईल. पण मनीषनगर आणि पुढे बेसा या झपाट्याने वाढलेल्या भागात ‘येथे तेव्हा काय होते’ हा प्रश्न पुढे कोणी विचारणारच आहे आणि जोडलेले चित्र त्याला पूर्ण भरवशाचे उत्तर देत नाही. त्यासाठी सुटी छायाचित्रे कच्च्या स्वरूपात जपून ठेवावीत आणि सोबत तारीख, वेळ व भिंगाचे माप लिहून ठेवावे. ट्रायपॉडच्या तीन पायांच्या खुणा गच्चीवर रंगाने केल्या, तर पुढच्या वर्षी त्याच जागेवरून तीच पट्टी पुन्हा टिपता येते.