खाटेजवळचा न पाहिलेला अर्धा तास
शिकणारे डॉक्टर : लेखांक ६

मुंबई-पुणे जुना हायवे, गोवा हायवे आणि कळंबोलीहून निघणारा एक्स्प्रेस-वे असे तिन्ही रस्ते पनवेलच्या आसपास एकत्र येतात. त्यामुळे या भागातल्या रुग्णालयांना अपघाताचे पेशंट नवे नाहीत. रात्री-अपरात्री स्ट्रेचर कॅज्युअल्टीत शिरतं, मागोमाग मिळेल त्या गाडीने नातेवाईक पोचतात, आणि त्यांच्यासमोर सर्वांत आधी उभा राहतो तो बहुधा तेवीस-चोवीस वर्षांचा इंटर्न. नवीन पनवेलमध्ये खोली घेऊन राहणाऱ्या, कामोठ्याच्या किंवा नेरुळच्या कॉलेजात जाणाऱ्या मुलामुलींपैकीच कोणी. ‘‘डॉक्टर, वाचेल ना?’’ या प्रश्नाला उत्तर द्यायला त्याला कोणी शिकवलं, आणि ते जमतं की नाही हे कधी तपासलं?

निदान कागदावर तरी या प्रश्नाची दखल घेतली गेली आहे. 2019 साली देशभरात एमबीबीएसचा नवा, क्षमताधारित अभ्यासक्रम आला. त्यात वृत्ती, नीतिमूल्यं आणि संवाद यांसाठी 27 पाठांची मालिका आहे. विद्यार्थी तिला ‘एटकॉम’ म्हणतात. शवविच्छेदनाच्या टेबलावरचा मृतदेह हा आपला पहिला गुरू, हे ती पहिल्याच वर्षी शिकवते आणि शेवटच्या वर्षी मृत्यूला सामोरं कसं जायचं इथवर पोचते. आपल्या देशातल्या वैद्यकीय शिक्षणात ही गोष्ट फार पूर्वी यायला हवी होती. पण वर्गात पहिला प्रश्न येतो तो असा : हे परीक्षेला किती मार्कांचं? यात मुलांचा दोष नाही. नीटपासून त्यांना आपणच हे शिकवलं आहे की, जे विचारलं जातं तेच खरं.

मग परीक्षेत काय विचारलं जातं? प्रॅक्टिकलमधली ‘लाँग केस’ घ्या. विद्यार्थ्याला एक पेशंट नेमून देतात. अर्धा-पाऊण तास तो एकटाच खाटेजवळ असतो. हिस्ट्री घेतो, पोट चाचपतो, छाती ऐकतो. त्यानंतर एक्झामिनर येतात आणि केस इंग्रजीत प्रेझेंट होते. प्लीहा किती लागली, पायाला सूज होती का, आणखी कोणते आजार असू शकतात, असे प्रश्नांवर प्रश्न. पण काकांचा शर्ट वर करण्याआधी पडदा ओढला होता का? सकाळपासून दहा जणांनी दाबलेल्या पोटावर अकरावा हात ठेवताना ‘दुखतंय का हो?’ असं विचारलं होतं का? ते एक्झामिनरना कळत नाही, कारण तो अर्धा तास कोणी पाहिलेलाच नसतो. पिढ्यान् पिढ्या आपण डॉक्टर पास केले ते या न पाहिलेल्या अर्ध्या तासावर. परीक्षेसाठी पुन्हा पुन्हा बोलावल्या जाणाऱ्या काही पेशंटांना स्वतःचं निदान तोंडपाठ असतं आणि घाबरलेल्या पोराला ते हळूच सांगूनही टाकतात. त्या खाटेवर सहानुभूती असते, पण ती पेशंटकडून डॉक्टरकडे जाणारी!

यावर उपाय म्हणून 1975 मध्ये स्कॉटलंडच्या डंडी इथले रोनाल्ड हार्डन यांनी ‘ऑस्की’ मांडली. ठरावीक मिनिटांची स्टेशनं, प्रत्येक ठिकाणी एक काम, हातात यादी घेतलेला परीक्षक. इथे संवाद निदान पाहिला तरी जातो. तरी यादीचा स्वतःचा धोका आहे. नाव सांगितलं, एक मार्क. ‘मला तुमची अवस्था समजते’ म्हटलं, एक मार्क. मुलं ते वाक्य पाठ करतात आणि ज्याचा मुलगा नुकताच गेला आहे त्या बापाला पाठ केलेलं वाक्य लगेच ओळखू येतं.

म्हणून मला भावनेला गुण देण्यापेक्षा ‘मिनी-सीईएक्स’ ही पद्धत जास्त पटते. अमेरिकेतल्या जॉन नॉर्सिनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती 1995 मध्ये मांडली. वरिष्ठ डॉक्टर वॉर्डातच पंधरा-वीस मिनिटं शेजारी उभा राहतो, विद्यार्थी खऱ्या पेशंटशी कसं बोलतो ते पाहतो आणि लगेच बाजूला घेऊन सांगतो. ‘आजी रडायला लागल्या तेव्हा तू फाइल उघडलीस, का?’ असं एक वाक्य शंभर मार्कांच्या पेपरापेक्षा जास्त शिकवतं. अट एकच, ते सगळ्यांसमोर पाणउतारा करून सांगायचं नाही.

ही अट मी जाणून घालतो आहे. मोहम्मदरेझा होजत आणि सहकाऱ्यांनी फिलाडेल्फियातल्या विद्यार्थ्यांचा अभ्यास 2009 मध्ये प्रसिद्ध केला. त्यात सहानुभूतीची घसरण दिसली ती तिसऱ्या वर्षी, म्हणजे मुलं वॉर्डात पाऊल टाकतात नेमकी तेव्हा. राउंडवर ज्याला रोज ओरडा बसतो, तो विद्यार्थी पेशंटवर ओरडायला शिकला तर नवल काय?

सेवाग्रामने वेगळी वाट धरली. 1969 मध्ये डॉ. सुशीला नायर यांनी सुरू केलेल्या तिथल्या वैद्यकीय महाविद्यालयात नवे विद्यार्थी आधी गांधीजींच्या आश्रमात राहतात, मग एक गाव आणि त्यातली काही कुटुंबं त्यांच्याकडे सोपवली जातात. ज्या घरी चहा प्यायला त्या घरातल्या बाईला ‘बेड नंबर चौदा’ म्हणणं जड जातं.

पनवेलच्या कॅज्युअल्टीला आश्रम नाही आणि वेळही नाही. पण मृत्यूची बातमी सांगून आलेल्या इंटर्नला सीनियरने पाच मिनिटं बसवणं जमण्यासारखं आहे. काय बोललास, ते काय म्हणाले, तुला कसं वाटतंय, एवढंच विचारायचं. ही पाच मिनिटं आज सीनियरच्या स्वभावावर सोडलेली आहेत. ती ड्यूटीच्या तक्त्यात लिहिली गेली पाहिजेत आणि लॉगबुकात त्यांच्यापुढे सही हवी, मार्क नकोत.

(पुढील लेखांक : नर्सिंगच्या विद्यार्थिनी आणि रात्रपाळी)