एका दिवसात उलटलेला नकाशा

व्हरमाँट हे अमेरिकेच्या ईशान्य कोपऱ्यातलं चिमुकलं राज्य. 1856 ते 1960 या काळातल्या अध्यक्षपदाच्या प्रत्येक निवडणुकीत त्याने रिपब्लिकन पक्षालाच कौल दिला होता. दक्षिणेतल्या जॉर्जियाची रीत नेमकी उलटी. लिंकनच्या या पक्षाला तिथे एकदाही यश आलं नव्हतं. आणि 3 नोव्हेंबर 1964 रोजी, एकाच दिवशी, व्हरमाँट डेमोक्रॅटिक पक्षाकडे गेलं नि जॉर्जिया रिपब्लिकन पक्षाकडे! हा नकाशा मी जितक्या वेळा पाहतो, तितक्या वेळा थक्क होतो.

रिपब्लिकन उमेदवार होते ॲरिझोनाचे सिनेटर बॅरी गोल्डवॉटर. 1909 मध्ये फिनिक्सला ते जन्मले, तेव्हा ॲरिझोनाला राज्याचा दर्जाही नव्हता. घरचं मोठं दुकान होतं. गोल्डवॉटर आधी नगरपरिषदेत गेले, मग 1952 मध्ये थेट सिनेटमधल्या डेमोक्रॅटिक पक्षनेत्याला पाडून वॉशिंग्टनला पोचले. केंद्र सरकारने लोकांच्या व्यवहारात कमीत कमी हात घालावा, हा त्यांचा धोशा.

या धोशाची कसोटी 19 जून 1964 ला लागली. खानावळी, हॉटेलं आणि नोकऱ्यांमधल्या वर्णभेदाला बंदी घालणारं नागरी हक्क विधेयक सिनेटपुढे होतं. 1957 आणि 1960 च्या नागरी हक्क कायद्यांना गोल्डवॉटर यांनी पाठिंबा दिला होता. या वेळी मात्र, खासगी मालकावर अशी सक्ती करण्याचा अधिकार घटनेने केंद्राला दिलेलाच नाही, असं म्हणून त्यांनी विरोधात मत टाकलं. विधेयक 73 विरुद्ध 27 मतांनी मंजूर झालं. गोल्डवॉटर मनापासून बोलत होते, असंच मला वाटतं. पण खानावळीच्या दारातून हाकलल्या जाणाऱ्या माणसाची बाजू त्या युक्तिवादात कुठेच नव्हती, आणि वर्णभेद टिकवू पाहणाऱ्यांना ते मत हवंहवंसं वाटलं.

महिन्याभरात पक्षाच्या सॅन फ्रान्सिस्कोच्या अधिवेशनात गोल्डवॉटर यांना उमेदवारी मिळाली. नोव्हेंबरात डेमोक्रॅटिक पक्षाचे उमेदवार, अध्यक्ष लिंडन जॉन्सन यांना 486 निर्वाचक मतं पडली, गोल्डवॉटर यांना 52. 50 पैकी 6 राज्यं त्यांच्या हाती लागली: स्वतःचं ॲरिझोना, आणि दक्षिणेतली लुइझियाना, मिसिसिपी, अलाबामा, जॉर्जिया व साउथ कॅरोलायना. मिसिसिपीत तर त्यांना 87 टक्के मतं होती. तिथल्या बहुतेक कृष्णवर्णीयांना तेव्हा मतदार यादीत नावच घालू दिलं जात नव्हतं.

निवडणुकीच्या आठवडाभर आधी, 27 ऑक्टोबरला, गोल्डवॉटर यांच्यासाठी दूरचित्रवाणीवर एका अभिनेत्याचं भाषण झालं. अभिनेत्याचं नाव रोनाल्ड रीगन.