विंगेतली धडधड

परवा एका एकांकिकेसाठी कलाकार निवडत होतो. एक मुलगी आली, हातातला कागद पानासारखा थरथरत होता. "दादा, खूप टेन्शन आलंय." म्हटलं, "बरं झालं, इंजिन तापलंय!"

थट्टा नव्हती ती. भीती असो वा उत्साह, शरीर जवळपास सारखंच वागतं. अ‍ॅड्रेनॅलिन वाढतं, छाती धडधडते, तोंड कोरडं पडतं. फरक पडतो तो आपण त्याला काय नाव देतो याने.

हार्वर्डच्या अ‍ॅलिसन वुड ब्रुक्स यांनी २०१४ मध्ये यावर प्रयोग प्रसिद्ध केले. कॅराओके गाण्याआधी काहींना 'मी उत्साहात आहे' असं म्हणायला लावलं, काहींना 'मी घाबरलोय' असं. पहिल्या गटाला मशीनने जास्त गुण दिले! भाषणाच्या प्रयोगात तर 'मी शांत आहे' म्हणणाऱ्यांपेक्षाही उत्साहवाले सरस ठरले.

म्हणून विंगेत कुणी "शांत हो, शांत हो" करत पाठ थोपटायला लागलं की मला वैताग येतो. धावत्या गाडीला एकदम ब्रेक कशाला?

त्या मुलीला कागद खाली ठेवायला सांगितला आणि त्यावरचाच उतारा खोलीभर फेऱ्या मारत, काल्पनिक कपडे वाळत घालत म्हणायला लावला. थरथरणाऱ्या हातांना काम मिळालं, आवाज आपोआप मोकळा झाला.

एन्ट्रीआधी मी स्वतः चार आकडे मोजत श्वास घेतो, आठ आकडे मोजत सोडतो. पहिलं वाक्य झोपेतही येईल इतकं घोटून ठेवतो. आणि हो, प्रयोगाआधीचा तिसरा कटिंग चहा टाळतो. (दुसरा टळत नाही.)

तुमचं काय होतं विंगेत? काही विचारायचं असेल तर कमेंटमध्ये विचारा.