विमा कंपनीचा घरचा पहारेकरी

देवळाली कॅम्पची हवा छातीच्या विकारांना मानवते, म्हणून तेथें आरोग्यभवनें उभीं राहिलीं. तेथें राहून गेलेल्या गृहस्थानें आयुर्विम्याच्या अर्जांत आपला आजार लिहिलाच नाहीं आणि वर्षभरांत तो वारला, तर पत्नीस रक्कम मिळेल काय? उत्तर 1938 च्या विमा कायद्याच्या 45 व्या कलमांत आहे. 2015 च्या दुरुस्तीनुसार तीन वर्षें उलटल्यावर विमापत्रास कोणत्याहि कारणास्तव आव्हान देतां येत नाहीं. त्याआधीं दावा नाकारल्यास कारणें लेखी कळवावीं लागतात. कपट नसेल, तर भरलेले हप्ते 90 दिवसांत परत करावे लागतात. हें सारें पाळलें जातें कीं नाहीं, हें पाहणारा अनुपालन विभाग कंपनीच्याच पगारावर असतो. तेथें तो फारसा आवडता नसतो, हें ओघानेंच आलें. बंद पडलेलें विमापत्र पुन्हां सुरू केल्यास मात्र तीं तीन वर्षें नव्यानें मोजलीं जातात.