नेहमीच्या वापराची झूम लेन्स
लेखांक सातवा : पाठ भिंतीला टेकते तेव्हा

छिद्राच्या अंकांचा जो विषय या आठवड्यासाठी मुक्रर केला होता, तो तूर्त तहकूब ठेवीत आहे. कारण साताऱ्याहून एका शिक्षिकाबाईंचे पत्र आले असून त्यांनी काढलेला प्रश्न माझ्या विशेष जिव्हाळ्याचा आहे. घरची कार्ये, शाळेचे स्नेहसंमेलन आणि पावसाळा सरताना कासच्या पठारावर उमलणारी फुले, एवढे सारे त्यांना एकाच लेन्सवर भागवायचे आहे. सोनीची २४-१०५ आणि टॅमरॉनची २८-२०० अशा दोन लेन्स त्यांनी नजरेसमोर ठेवल्या आहेत. आणि दुसरी लेन्स जवळजवळ दुप्पट दूरचे टिपणारी, शिवाय वजनालाही हलकी असताना, केवळ चार मिलिमीटरांसाठी पहिली का घ्यावी, अशी त्यांची पृच्छा आहे.

या चार मिलिमीटरांनीच पुष्कळांची फसगत होते. नाभीय अंतर जसजसे घटत जाते तसतसे एकेका मिलिमीटराचे मोल वाढत जाते. १०० आणि १०४ यांतील तफावत डोळ्यांना जाणवणारही नाही, परंतु २४ आणि २८ यांचा हिशेब निराळा आहे. माणसांची रांग आपल्यापासून ३ मीटरांवर उभी आहे आणि कॅमेऱ्याची चौकट ३६ मिलिमीटर रुंदीची आहे असे धरले, तर २४च्या लेन्समध्ये साडेचार मीटरांची रांग मावते आणि २८च्या लेन्समध्ये ३.८६ मीटरांची. उरलेले ६४ सेंटिमीटर म्हणजे खांद्याला खांदा लावून उभे असलेले एक माणूस आणि शेजारच्याचा एक खांदा.

वडिलांच्या पंचाहत्तरीला आमच्या जुन्या घराच्या माजघरात औक्षण चालले होते, तेव्हा माझ्याजवळ २८पासून सुरू होणारी लेन्स होती. माझी पाठ धान्याच्या कोठीला टेकलेली, उजवीकडे देवघराचे दार, मागे सरकायला वीतभरही जागा नाही. त्या छायाचित्रात काकूंचा हात आला आहे, हातातले तबक आले आहे, तबकातल्या वातींचा उजेड वडिलांच्या कपाळावर पडलेलाही स्पष्ट दिसतो. काकू मात्र चौकटीबाहेर राहिल्या. दोन छायाचित्रे शेजारी-शेजारी घेऊन मागाहून जोडण्याची युक्ती डोंगराच्या बाबतीत उत्तम चालते, पण ओवाळणारा हात दुसऱ्या छायाचित्रापर्यंत पहिल्या जागी थांबत नाही.

लांबच्या टोकाची उणीव मात्र बव्हंशी भरून काढता येते. २४ मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्यावर १०५ने घेतलेले छायाचित्र २००च्या चौकटीइतके कातरले तरी सुमारे ३१५० गुणिले २१०० पिक्सेल, म्हणजे साडेदहा इंच रुंद आणि सात इंच उंच असा चांगला छाप निघेल इतका ऐवज शिल्लक राहतो. जे चौकटीत आले ते कातरता येते. जे आलेच नाही ते कोठून आणणार?

रुंद टोकाची ही तंगी झूम लेन्सच्या जन्मापासूनची आहे. फ्रँक बॅक यांची, १९५९ साली फोक्टलेंडरने बाजारात आणलेली झूमार ही ३५ मिलिमीटर फिल्मच्या स्थिरचित्रणाची पहिली झूम, ती ३६पासून सुरू होऊन ८२वर थांबे. पुढे १९६३ची निकॉनची लोकप्रिय झूम तर ४३-८६ होती. कॅमेऱ्यात फिल्मच्या पुढे हलणारा आरसा असे, त्याला जागा सोडावी लागे, आणि नाभीय अंतर त्या जागेहून कमी झाले की लेन्सची घडण फार किचकट होत जाई. निकॉनच्या आरशाच्या कॅमेऱ्यात लेन्सच्या बैठकीपासून फिल्मपर्यंत ४६.५ मिलिमीटर अंतर होते. आरसा गेल्यावर त्यांच्याच नव्या कॅमेऱ्यांत ते १६वर आले. ज्या सोयीसाठी लेन्स घडविणाऱ्यांनी इतकी वर्षे खटपट केली, ती आज सहज मिळत असताना सोडून द्यावी हे माझ्या मनाला पटत नाही.

एक खबरदारी मात्र अवश्य घ्यावी. २४वर चौकटीच्या कडेला येणारा चेहरा बाहेरच्या बाजूला ताणला जातो, गोल ताट लंबगोल दिसते. म्हणून रांगेच्या दोन्ही टोकांना थोडी भिंत सोडावी आणि वडीलधाऱ्यांना मध्याजवळ बसवावे.

कासच्या बाबतीत बाईंचे म्हणणे रास्त आहे. तेथे फुलांत पाऊल घालता येत नाही, घालूही नये, आणि वाटेवरूनच टिपायचे तर २००चा उपयोग निःसंशय होतो. परंतु कास वर्षातून एकदा, आणि माजघर बारा महिने. तरीही माझा निवाडा त्यांच्यावर लादण्याचा इरादा नाही, कारण खरा दाखला त्यांच्याच दप्तरी आहे. प्रत्येक छायाचित्राबरोबर कॅमेरा त्याचे नाभीय अंतर नोंदवून ठेवतो. त्यांच्या जुन्या, लहान चौकटीच्या कॅमेऱ्यावरची लेन्स १८-५५ आहे. तिचे १८ हे दीडपटीने २७ होतात, म्हणजे २८च्या अगदी शेजारचे. गेल्या वर्षभरातील छायाचित्रांपैकी किती नेमकी १८वर अडली आहेत आणि किती ५५वर, एवढी मोजणी त्यांनी करावी, आणि १८वरची पुष्कळ निघाली तर २४-१०५ बेलाशक घ्यावी, असे मी त्यांना कळविले आहे. त्यांचा आकडा आला की छिद्राचा विषय तेथूनच उचलू. माजघरातल्या अंधाराचे काय करायचे, हे तसेही सांगायचे राहिलेच आहे.