सहीचे पैसे आणि पगारवाढ

शिराळ्याची पुष्कळ माणसं मुंबईच्या कापड गिरण्यांत राबली. तिथले मालक काही वर्षं बोनस देत होते. 1923 सालचा बोनस त्यांनी दिला नाही. 1924 मध्ये दीड लाखाच्या आसपास कामगारांनी संप केला. चौकशी समितीनं बोनसवरचा हक्क मान्य केला नाही. संप फसला. बोनसचा कायदा 1965 मध्ये झाला.

यात धडा आहे. करार करताना मालक म्हणतो, ‘सही करा, 6,000 रुपये रोख घ्या.’ ते एकदाच मिळतात. दरमहा 300 रुपये पगार वाढला, तर 3 वर्षांत 10,800 होतात. प्रॉव्हिडंट फंडही पगारावरच ठरतो.

आता तुम्हांला वाचता येतं. हे पैसे एकदाचे की दरमहाचे, ते करारात बघा. मगच सही करा.