गोव्यातील भाड्याचा व्हिला: उत्पन्न चार महिन्यांचे, देखभाल बारा महिन्यांची

नाताळ आणि नववर्षाच्या सुमारास गोव्यातील आसगाव, शिवोली, हणजूण या गावांतील व्हिलांना मोठी मागणी असते. त्या दिवसांतील भाड्याचे आकडे ऐकून मुंबई, पुणे, दिल्ली, बंगळुरू येथील अनेक मध्यम व उच्च मध्यमवर्गीय कुटुंबे आयुष्यभराची बचत अशा घरात गुंतवितात. घर काही दिवस स्वतःसाठी वापरावे, उर्वरित काळ भाड्याने द्यावे आणि त्यातून कर्जाचा हप्ता फेडावा, असा त्यामागील विचार असतो. मात्र या हिशेबात उष्ण व दमट हवामानाचा खर्च पुरेसा धरला जात नाही आणि अनेक मालकांची निराशा तेथूनच सुरू होते.

गोव्याच्या किनारपट्टीवर वर्षाला सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातील बहुतांश पाऊस जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत कोसळतो. या काळात हवेतील सापेक्ष आर्द्रता सातत्याने ८० टक्क्यांच्या वर राहते. आर्द्रता ७० टक्क्यांपुढे गेली आणि हवा खेळती नसली की लाकूड, कापड, चामडे व रंगविलेल्या भिंती यांवर बुरशी धरू लागते. पर्यटकांची वर्दळ नेमकी याच महिन्यांत ओसरते. म्हणजेच घर जेव्हा सर्वाधिक झिजते, तेव्हाच त्याचे उत्पन्न सर्वांत कमी असते.

बंद घराचा खर्च

घर वापरात नसले म्हणजे खर्चही थांबतो, ही समजूत उष्ण कटिबंधात चुकीची ठरते. थंड व कोरड्या प्रदेशात कुलूपबंद घर काही महिने तसेच राहू शकते. गोवा, कोकण वा केरळच्या किनाऱ्यावर मात्र बंद खोलीत गाद्यांना कुबट वास येतो, कपाटांच्या पाठी फुगतात आणि दरवाजे चौकटीत अडकू लागतात. त्यामुळे पाहुणे नसतानाही खिडक्या उघडणे, पंखे व वातानुकूलन यंत्रे काही तास चालविणे, छपराचे पन्हळ स्वच्छ ठेवणे ही कामे नियमित करावी लागतात. त्यासाठी विश्वासू राखणदाराचा पगार बारा महिने द्यावा लागतो.

जलतरण तलावाचेही तसेच आहे. पाणी हिरवे पडू नये म्हणून ते रोज गाळणीतून फिरवावे लागते. एक अश्वशक्तीचा पंप दिवसाला आठ तास चालविल्यास सुमारे ६ युनिट, म्हणजे महिन्याला १८० युनिट वीज खर्ची पडते. उन्हाने पाण्यातील क्लोरीन घटते, तर मुसळधार पावसाने ते विरळ होते. परिणामी तलावात कोणी उतरो वा न उतरो, पाण्याची तपासणी व औषधे चुकत नाहीत.

खारे वारे, गंज आणि वाळवी

समुद्रावरून येणाऱ्या वाऱ्यातील क्षार काँक्रीटमध्ये झिरपून आतील सळ्यांवरील संरक्षक थर नष्ट करतात. गंजलेले लोखंड मूळ आकारमानाच्या कित्येक पटींनी फुगते आणि वरील काँक्रीटला तडे जातात. याच कारणास्तव भारतीय मानक ब्युरोच्या आयएस ४५६ या २००० सालच्या संहितेने किनारपट्टीवरील वातावरण ‘तीव्र’ गटात मोडले आहे. त्यासाठी किमान एम-३० प्रतीचे काँक्रीट आणि सळ्यांवर ४५ मिलिमीटरचे आवरण सांगितले आहे. बांधकामाच्या वेळी येथे केलेली काटकसर काही वर्षांनी मोठ्या दुरुस्तीच्या रूपाने परत येते.

वातानुकूलन यंत्रांचे बाहेरील भाग, फाटकाच्या बिजागऱ्या, नळ आणि विजेच्या जोडण्या यांचे आयुष्यही खाऱ्या हवेत घटते. लाकडी चौकटींना व फर्निचरला वाळवीचा धोका कायम असतो, म्हणून प्रतिबंधक उपचार ठरावीक काळाने पुन्हा करावा लागतो.

जुन्या घरांची रीत

गोव्यातील जुनी घरे याच हवामानात उभी राहिली. जांभ्या दगडाच्या जाड भिंती, चुन्याचा गिलावा, उतरते छप्पर आणि पुढे आलेली वळचण ही त्यांची वैशिष्ट्ये होत. बासेल मिशनने १८६५ मध्ये मंगळुरू येथे कौलांचा कारखाना सुरू केल्यानंतर मंगळुरी कौले संपूर्ण पश्चिम किनाऱ्यावर रूढ झाली. मात्र ही घरेही आपोआप टिकली नाहीत. दरवर्षी पावसाळ्यापूर्वी शाकारणी होत असे आणि पावसाळा सरल्यावर भिंतींना चुन्याचा हात दिला जात असे. घरात सतत राबता असल्याने गळती वा वाळवी वेळीच लक्षात येई.

नव्या व्हिलांमध्ये अनेकदा सपाट गच्ची, मोठ्या काचा आणि आखूड वळचण दिसते. चुना भिंतीतील ओल बाहेर पडू देतो. सिमेंटचा गिलावा व त्यावरील ॲक्रिलिक रंग ती बऱ्याच अंशी कोंडून ठेवतात. त्यामुळे रंगाला फुगे येतात आणि काही वर्षांतच पुन्हा रंगकाम काढावे लागते.

आकड्यांत पाहिल्यास

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. तीन कोटी रुपयांना घेतलेला तीन शयनगृहांचा व्हिला दिवसाला १५,००० रुपये दराने वर्षातील १२० दिवस भाड्याने गेला, तर १८ लाख रुपये हाती येतात. व्यवस्थापन संस्थेचा वाटा २५ टक्के धरल्यास साडेचार लाख वजा होतात. राखणदार, माळी व सफाई यांवर दरमहा ४०,००० म्हणजे ४ लाख ८० हजार, तर वीज व तलाव यांवर दरमहा २५,००० म्हणजे ३ लाख रुपये लागतात.

यानंतर येतात ते दरवर्षी न दिसणारे खर्च. तीन वर्षांनी होणारे ३ लाखांचे रंगकाम वर्षाला १ लाख होते. सहा वर्षांनी बदलावी लागणारी १ लाख ८० हजारांची वातानुकूलन यंत्रे वर्षाला ३० हजार होतात. छप्पर व वॉटरप्रूफिंगसाठी ५० हजार, लाकूड व वाळवीसाठी ४० हजार आणि गाद्या, चादरी, फर्निचर यांसाठी ८० हजार धरल्यास ही रक्कम ३ लाखांवर जाते. अखेरीस शिल्लक उरते २ लाख ७० हजार, म्हणजे गुंतवणुकीच्या एक टक्क्याहून कमी. त्यातून कर अद्याप द्यावयाचा असतो.

वर्षातील केवळ २० दिवस भाडे कमी मिळाले, तर ही शिल्लक ४५ हजारांवर येते, कारण पगार, वीज आणि दुरुस्ती यांत फारशी घट होत नाही. दुसरीकडे, न दिसणारे ३ लाख हिशेबातून वगळले तर नफा दुपटीहून अधिक दिसतो. विक्रीच्या वेळी दाखविले जाणारे परताव्याचे आकडे तपासताना हाच भाग प्रथम पाहणे आवश्यक आहे.

नियम आणि नियोजन

पर्यटकांना निवास देणाऱ्या घरांची गोव्यात पर्यटन व्यवसाय नोंदणी कायदा, १९८२ अन्वये पर्यटन खात्याकडे नोंदणी करावी लागते. प्राप्तिकरात घरभाड्याचे उत्पन्न म्हणून दाखविलेल्या रकमेतून ३० टक्के सरसकट वजावट मिळते, मग प्रत्यक्ष दुरुस्ती कितीही असो. उत्पन्न व्यवसायाचे ठरल्यास प्रत्यक्ष खर्च आणि घसारा वजा करता येतो. त्यामुळे प्रत्येक खर्चाची पावती जपणे हिताचे ठरते.

घर घेण्यापूर्वी ते ऑगस्टमध्ये, भर पावसात पाहावे. भिंतींच्या तळाशी ओल आहे का, गच्चीवर पाणी साचते का, मागील तीन वर्षांत कोणती दुरुस्ती झाली, याची विचारणा करावी. खरेदीनंतर भाड्याच्या प्रत्येक रकमेतील ठरावीक हिस्सा दुरुस्तीसाठी स्वतंत्र खात्यात ठेवावा. वरील उदाहरणात तो सुमारे १७ टक्के येतो. घराचा हप्ता भाड्यावरच अवलंबून असेल, तर हा हिस्सा बाजूला काढल्यानंतर उरणाऱ्या रकमेतून तो फिटतो का, हे करारावर सही करण्यापूर्वीच पाहणे श्रेयस्कर.